बी.एस्सी. गणितानंतर संख्याशास्त्रात एम.एस्सी.: वडोदऱ्यातच राहावे की बाहेर पडावे?

दांडियाबाजार यांचा प्रश्न

सर्व ज्येष्ठांना आणि मित्रमैत्रिणींना नमस्कार. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणित हा माझा मुख्य विषय आणि संख्याशास्त्र दुसरा. पहिल्या वर्षी दुसरा विषय निवडताना मी फारसा विचार केला नव्हता. पण गेल्या दीड वर्षात अभ्यासाला बसले की हात आधी संख्याशास्त्राच्या वहीकडे जातो. त्यामुळे पुढे याच विषयात एम.एस्सी. करायचे हे मनाने जवळजवळ ठरवले आहे, पण तीन गोष्टींचा निर्णय होत नाही.

पहिली गोष्ट पदवीच्या नावाची. बाबांचे म्हणणे असे की सध्या डेटा सायन्सला मागणी आहे, तर त्याच नावाचा अभ्यासक्रम घ्यावा. नुसत्या संख्याशास्त्राची पदवी घेऊन नोकरी कुठे मिळणार, ही त्यांची काळजी आहे आणि ती मला चुकीची वाटत नाही. दुसरी गोष्ट जागेची. इथे राहिले तर घरून सायकलने जाता येते आणि वसतिगृहाचा खर्च वाचतो. धाकट्या भावाचे बारावीचे वर्ष असल्याने तो खर्च आमच्या घरात लहान नाही. पण पुणे किंवा कोलकाता इथे न जाता शिकले तर मागे पडेन का, हा प्रश्न मनातून जात नाही. त्यातच आता पदवीच्या चौथ्या वर्षाचा पर्यायही आहे, म्हणून गोंधळ वाढला आहे.

तिसरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मला उदाहरणे सोडवता येतात, गुणही चांगले मिळतात, पण सूत्र तसे का आहे हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. दोन सेमिस्टर मी व्हेरिअन्स (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप) काढताना एन वजा एकने भागत आले आहे, एन म्हणजे नमुन्यातले एकूण आकडे; एनने का भागायचे नाही, असे एका मैत्रिणीने विचारले तेव्हा "तसा नियम आहे" याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हते. अशा तयारीवर एम.एस्सी. झेपेल का? ज्यांनी हा अभ्यास केला आहे किंवा शिकवला आहे त्यांनी कृपया स्पष्ट सांगावे.

प्रतापगंज यांचे उत्तर

तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेल्या अडचणीपासून मी सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. मी अनेक वर्षे पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांना संख्याशास्त्र शिकवले. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरमध्ये जे विद्यार्थी खचतात ते आकडेमोडीमुळे खचत नाहीत. तोवर पाठ केलेल्या प्रत्येक सूत्राला तिथे "का" विचारला जातो आणि त्याची त्यांना सवय नसते, म्हणून खचतात. तुम्हाला तो "का" आताच बोचतो आहे, ही माझ्या दृष्टीने चांगली खूण आहे.

आता एन वजा एकचा प्रश्न पाहू. समजा, खंडेराव मार्केटमधल्या पाच विक्रेत्यांकडे एकाच भाजीचा पाव किलोचा भाव विचारला आणि तो १२, १५, ११, १८ आणि १४ रुपये निघाला. हे पाच भाव एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरू, जरी बाजारात ते पूर्णपणे खरे नसते. सरासरी १४ येते, सरासरीपासूनची अंतरे −२, १, −३, ४ आणि ० येतात आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ३० होते. इथे दोन गोष्टी नीट पाहा. एक म्हणजे त्या पाच अंतरांची बेरीज शून्य आहे आणि ती नेहमीच शून्य असते. म्हणजे चार अंतरे कळली की पाचवे आपोआप ठरते, त्याला स्वतःचे असे सांगण्यासारखे काही उरत नाही. दुसरी म्हणजे १४ ही सरासरी आपण याच पाच आकड्यांतून काढली आहे, आणि वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारी संख्या नेमकी तीच असते. सगळ्या बाजाराची खरी सरासरी १३ असती, तर त्या १३ पासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३० न येता ३५ आली असती. खरी सरासरी आपल्याला ठाऊक नसते, तिच्या जागी नमुन्याची सरासरी घेतल्याने बेरीज खऱ्यापेक्षा लहानच पडते, आणि सरासरीने पाहता ती नेमकी पाचांपैकी एका हिश्शाने लहान पडते. म्हणून ३० ला पाचने भागून ६ न घेता चारने भागून ७.५ घ्यायचे.

इतके समजले तरी अर्धेच समजले. उरलेले अर्धे तुमच्या मुख्य विषयात आहे. ते पाच भाव म्हणजे पाच मितींच्या अवकाशातला एक सदिश समजा. सगळे घटक एक असलेल्या सदिशाच्या दिशेने जाणारी जी रेषा, तिच्यावर आपल्या सदिशाचा लंब प्रक्षेप घेतला की सरासरी मिळते. प्रक्षेप वजा केल्यावर जे उरते ते त्या रेषेला लंब असलेल्या चार मितींच्या उपावकाशात असते. "डिग्रीज ऑफ फ्रीडम" हे शब्द तुम्ही वर्गात ऐकले असतील. त्यांचा अर्थ एवढाच की त्या उपावकाशाच्या मिती चार आहेत. पुढे रिग्रेशनमध्ये, म्हणजे काही राशींवरून दुसऱ्या राशीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत, एका रेषेऐवजी अनेक सदिशांनी तयार झालेल्या उपावकाशावर प्रक्षेप घेतला जातो, आणि तिथेही उरलेल्या मिती मोजून त्याच आकड्याने भागले जाते. हे एक चित्र मनात पक्के बसले तर रिग्रेशन, अनालिसिस ऑफ व्हेरिअन्स आणि प्रयोगांची आखणी हे तीन वेगळे विषय वाटत नाहीत. गणित मुख्य विषय असलेल्या मुलीने संख्याशास्त्रात यावे असे मला वाटते ते यामुळेच. तुमच्याकडे जे साहित्य आहे ते केवळ या दिशेने वळवायचे राहिले आहे.

म्हणून येत्या सुट्टीत नवीन काही शिकण्याऐवजी तीन जुन्या गोष्टी पुन्हा हाताने लिहून काढा. रैखिक बीजगणितातले प्रक्षेप आणि आयगेन मूल्ये. विश्लेषणातली क्रमिका आणि मर्यादा, कारण संभाव्यतेत अभिसरणाचे निरनिराळे प्रकार येतात तेव्हा मर्यादेची व्याख्या कच्ची असेल तर सगळेच धूसर होते. आणि संभाव्यतेतली सशर्त अपेक्षा. पुस्तक उघडे ठेवून सिद्धता वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. पुस्तक मिटून ती कोऱ्या कागदावर लिहा. जिथे पेन थांबेल ती तुमची खरी कच्ची जागा, आणि त्या दिवशी तेवढ्याच जागेवर काम करा.

विश्वामित्री यांचे उत्तर

मी याच विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या अहमदाबादला, औषधांच्या मानवी चाचण्या चालवणाऱ्या एका संस्थेत जैवसंख्याशास्त्राचे काम करते. बाबांच्या शंकेचे उत्तर मी माझ्या कामातूनच देऊ शकते. गुजरातेत औषधनिर्मितीचा व्यवसाय मोठा आहे; आपल्या वडोदऱ्यातच अलेंबिकची स्थापना १९०७ मध्ये झाली होती. औषध बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्या होतात आणि त्या चाचण्यांच्या आखणीपासून निष्कर्षापर्यंत संख्याशास्त्रज्ञ लागतो. हे काम यंत्रावर बटण दाबून होत नाही.

आमच्याकडे पहिला प्रश्न रुग्ण किती घ्यायचे हा असतो, आणि तो चाचणी सुरू होण्याआधी सोडवावा लागतो. कमी रुग्ण घेतले तर गुणकारी औषधाचा गुणही दिसत नाही. गरजेपेक्षा जास्त घेतले तर माणसांना विनाकारण चाचणीत ओढल्यासारखे होते. त्यानंतर विश्लेषणाची योजना लिहायची, तीही कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळाले हे उघड होण्याच्या आत, म्हणजे निकाल पाहून सोयीची पद्धत निवडण्याची वाट बंद होते. शेवटच्या तक्त्यांसाठी दोन जण एकमेकांचा प्रोग्राम न पाहता स्वतंत्रपणे आकडे काढतात आणि दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळल्याशिवाय तक्ता पुढे जात नाही. आम्ही सॅस वापरतो, आर हे मोफत सॉफ्टवेअरही आता बरेच वापरले जाते. पण माझ्या मुलाखतीत सॉफ्टवेअरवर दोन प्रश्न होते आणि बाकीचा सगळा वेळ पी-मूल्य म्हणजे नेमके काय, आणि ते काय नव्हे, यावर गेला. औषध काहीच करत नसते तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. औषध निरुपयोगी असण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य नव्हे. हा भेद ज्याला स्पष्ट सांगता येत नाही त्याला आम्ही अहवालावर सही करू देऊ शकत नाही, कारण त्या अहवालाच्या पलीकडे कोणीतरी आजारी माणूस असतो.

तुम्हाला हे क्षेत्र आवडेल का हे पाहण्यासाठी एक जुने उदाहरण देते. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते आणि त्या आखणीमागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते. औषध फार थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरणारे नव्हतेच. म्हणून काहींना फक्त विश्रांतीवर ठेवणे अन्यायाचे ठरले नाही. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. हे चार आकडे घ्या आणि कागदावर, यंत्राशिवाय, फरक योगायोगाचा असू शकतो का ते तपासा. करून झाले की इथे लिहा, मी तपासून देईन.

रावपुरा यांचे उत्तर

माझा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो बाबांना उपयोगी पडेल. बी.एस्सी. झाल्यावर मी एका खासगी संस्थेचा डेटा सायन्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. फी मोठी होती आणि ती वडिलांनी कर्ज काढून भरली. तिथे पायथॉन शिकवले आणि पंचवीसेक पद्धतींच्या आज्ञा पाठ करवून घेतल्या, पण कोणती पद्धत कुठे लावायची नाही हे कोणीच सांगितले नाही. पहिल्या नोकरीत माझे मॉडेल जुन्या माहितीवर फार अचूक दिसायचे आणि नव्या माहितीवर साफ कोसळायचे. असे का होते हे समजून घ्यायला मला दोन वर्षे लागली आणि तेव्हा मी जे वाचले ते सगळे संख्याशास्त्राचे होते. डेटा सायन्सच्या नावाने चालणारा प्रत्येक अभ्यासक्रम असाच असतो असे मी म्हणत नाही. पदवीवरचे नाव बाजूला ठेवा, विषयांची यादी मागवा, आणि संभाव्यता, अनुमान व रिग्रेशन यांना किती तास दिले आहेत एवढे मोजा.

मकरपुरा यांचे उत्तर

मी राज्य सरकारच्या आकडेवारीच्या कामातून निवृत्त झालो आहे. नोकरी म्हणजे केवळ कंपन्यांची नोकरी असे समजू नये, म्हणून लिहितो.

आमच्या कामात पीककापणीचे प्रयोग असत. शेतात ठरावीक मापाचा तुकडा यादृच्छिक पद्धतीने आखायचा, तेवढ्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून तालुक्याचे, जिल्ह्याचे उत्पादन अंदाजायचे. १९४० च्या दशकात या तुकड्याच्या आकारावरून प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन संख्याशास्त्रज्ञांत गंभीर मतभेद झाले. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळलेले. त्यांचे म्हणणे असे की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. गोल तुकडा घेतला तर परीघ आणि क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर दोन भागिले त्रिज्या असे येते. त्रिज्या निम्मी केली की ते दुप्पट होते, म्हणजे कडेची चूकही त्या प्रमाणात वाढते. मी वहीत हे गणित सोडवले होते, पण भर उन्हात शेताच्या बांधावर दोरी धरून उभा राहिलो तेव्हा मला ते खरे कळले. असे हजार लहान तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही. ती एकाच दिशेची असल्यामुळे नमुना मोठा केल्याने आपण चुकीच्या आकड्याविषयी अधिक निःशंक होतो, इतकेच. आज लाखो नोंदी हाताशी असलेल्या तरुणांना हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

तुम्हाला एम.एस्सी.त प्रकल्प करावा लागेल. त्यासाठी परगावचे आकडे शोधण्याआधी आपल्याच संस्थानाच्या जनगणनेचे अहवाल उघडा. ते स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेले आहेत. बडोदा संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २४,१५,३९६ होती आणि १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ वर आली, म्हणजे दहा वर्षांत १९ टक्क्यांहून अधिक घट. मधली दोन वर्षे छप्पनियाच्या दुष्काळाची, संवत १९५६ ची. त्या वर्षांत जी बालके गेली किंवा जन्मलीच नाहीत, त्यांची पोकळी पुढच्या प्रत्येक जनगणनेत दहा दहा वर्षांनी वरच्या वयोगटात सरकताना दिसायला हवी. ती तशी दिसते का हे शोधणे हाच एक उत्तम प्रकल्प होईल. त्यात एक अडचण येते आणि शिकण्यासारखे तिथेच आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसे वय सांगताना ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगत. हा कल मोजण्यासाठी व्हिपलचा निर्देशांक आहे: २३ ते ६२ या वयांत शून्य किंवा पाचने संपणारी वये सांगणारे किती, याची त्या वयांतल्या एकूण माणसांच्या एकपंचमांशाशी तुलना करायची आणि शंभराने गुणायचे. कल मुळीच नसेल तर उत्तर १०० येते. सर्वांनीच गोल वये सांगितली असतील तर ५००. संगणकावरचे कुठलेही मॉडेल लावण्याआधी आकडा कोणाच्या तोंडून, कसा आला हे पाहायला या कामातून तुम्ही शिकाल.

नोकरीबद्दल एवढेच, की संघ लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. संख्याशास्त्र हा एक विषय घेऊन पदवी मिळवलेल्यांना ती देता येते, पण त्यातल्या संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिकांची पातळी पाहता एम.एस्सी.च्या अभ्यासाशिवाय ती अवघड जाते असा माझा अंदाज आहे.

दांडियाबाजार यांचा पुढचा प्रश्न

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळी उत्तरे वाचून दाखवली. रावपुरा यांचे उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि दोन अभ्यासक्रमांच्या विषयांच्या याद्या मागवायला स्वतःच सांगितले. प्रतापगंज सर, तुमचे भाजीचे उदाहरण मी मैत्रिणीला समजावून सांगितले आणि सांगताना प्रक्षेपाच्या चित्रापाशी अडले. मग पुस्तक मिटून पुन्हा लिहिले, तेव्हा जमले. आता राहिले ते प्रवेशपरीक्षांचे आणि चौथ्या वर्षाचे. चौथे वर्ष इथेच गणितात पूर्ण करून मग एक वर्षाचे एम.एस्सी. करावे, की तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे करावे?

फतेगंज यांचे उत्तर

मी सध्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे परीक्षांची माहिती ताजी आहे. आयआयटींसाठी जॅम परीक्षेतला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हा पेपर द्यावा लागतो. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण. एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकल्यास गुण कापतात, पण ज्यांचे उत्तर आकड्यात भरायचे असते त्यांना कापत नाहीत. त्यात गणिताचाही भाग असल्याने तुम्हाला तो सोपा जाईल. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची परीक्षा निराळ्या वळणाची असते: तिच्यात पर्याय निवडण्याच्या पेपरबरोबर सविस्तर उत्तरांचाही पेपर असतो, आणि तिथे पायऱ्या सुसंगत लिहिता आल्या पाहिजेत. मी तिथेच कमी पडलो, कारण मी सगळा सराव पर्यायांचाच केला होता. जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतात. आठवड्याला दोन प्रश्न पूर्ण लिहून सोडवा. आपल्या विद्यापीठासाठी जीकॅस पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती वेळेत करून ठेवा. बाहेर जायचे ठरले तरी हातात एक जागा असावी.

प्रतापगंज यांचे उत्तर

चौथ्या वर्षाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तुमचा मुख्य विषय संख्याशास्त्र असता तर चौथे वर्ष आणि त्यानंतर एक वर्षाचे एम.एस्सी. हा मार्ग मी विचारात घेतला असता. तुमचा मुख्य विषय गणित आहे. चौथ्या वर्षी तुम्ही गणितच अधिक कराल आणि मग संभाव्यता, अनुमान, नमुना सर्वेक्षण, बहुचल विश्लेषण हे सगळे एका वर्षात कोंबावे लागेल. या विषयांना मुरायला वेळ लागतो. तीन वर्षांनी पदवी घ्या आणि दोन वर्षांचे एम.एस्सी. करा.

जागेविषयी असे, की कोलकात्याच्या संस्थेत किंवा कानपूर-मुंबईच्या आयआयटीत प्रवेश मिळाला तर अवश्य जा. कोलकात्याला आजवर शिक्षणशुल्क न घेता विद्यार्थ्यांना विद्यावेतन दिले जात आले आहे, त्यामुळे खर्चाची चिंता पुष्कळ हलकी होते. अर्ज करताना त्या वर्षाचे नियम तेवढे पाहून घ्या. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभागही मोठ्या परंपरेचा आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे डॉक्टरेट केलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी त्याचा पाया घातला. पण तुमच्या घरची परिस्थिती तुम्ही लिहिली आहे, आणि केवळ गाव बदलावे म्हणून वसतिगृहाचा खर्च घरावर टाकावा असे मला वाटत नाही. प्रवेश मिळाला नाही तर इथेच शिका, हंसा मेहता ग्रंथालयात रोज दोन तास बसा, आणि ज्या शिक्षकांना प्रश्न विचारलेले आवडतात त्यांना शोधून काढा. असे शिक्षक प्रत्येक विभागात असतात, विद्यार्थीच त्यांच्या खोलीपर्यंत जात नाहीत.

दांडियाबाजार यांचे उत्तर

विश्वामित्री ताई, तुम्ही दिलेले उदाहरण सोडवले. एकूण १०७ पैकी १८ दगावले. औषधाने काहीच फरक पडत नसता तर विश्रांतीच्या गटात सुमारे ८.७५ आणि औषधाच्या गटात ९.२५ मृत्यू अपेक्षित होते. दोन्ही आकडे पाचाहून मोठे आहेत हे आधी पाहिले आणि मगच काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतल्या तफावतीचे माप) काढला. तो ७.३८ आला, एका डिग्री ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची सीमा ३.८४ आहे, म्हणून फरक योगायोगाचा मानणे कठीण आहे. मृत्यूंचे प्रमाण २६.९ आणि ७.३ टक्के आहे, म्हणून फरक १९.६ टक्के, आणि ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या टप्प्यात असावा असा अंदाज) ५.८ ते ३३.५ टक्के आला. अंतराल इतका रुंद पाहून मला आश्चर्य वाटले. फरक आहे हे जवळजवळ निश्चित, पण तो किती मोठा हे मात्र बरेचसे अनिश्चित, असा याचा अर्थ मी लावला आहे. तो बरोबर आहे का?

विश्वामित्री यांचे उत्तर

अर्थ बरोबर लावला आहेस, आणि तो नेमका तोच आहे जो आमच्याकडे नव्याने आलेल्यांना समजावून सांगावा लागतो. रुंदी कमी करायची तर रुग्ण वाढवावे लागतात. रुंदी निम्मी करायला साधारण चौपट. दोन दुरुस्त्या करून घे. टक्केवारी पूर्ण दशांशांत धरून वजाबाकी केलीस तर फरक १९.६५ येतो, तो आधीच गोल करू नकोस. गोल करायचे ते अगदी शेवटी. आणि फरक १९.६५ "टक्के" असे न लिहिता "टक्केबिंदू" असे लिही, कारण २६.९ वरून ७.३ वर येणे ही मूळ प्रमाणाच्या हिशेबात जवळजवळ ७३ टक्क्यांची घट आहे, आणि वाचणाऱ्याने कोणता आकडा घ्यायचा हे आपल्या वाक्यातून कळले पाहिजे. तेच काम आता प्रमाणांच्या गुणोत्तरासाठी करून पाहा. त्याचा अंतराल काढताना लॉगॅरिदम घ्यावा लागेल, आणि तो का घ्यावा लागतो हे आधी स्वतः शोध, नाहीच सापडले तर रविवारी इथे विचार.